व्हीआर हेडसेट ‘लागतो’. सवय होते का, की विकून टाकू?

निशाचर

मंडळी, मावसभाऊ दिवाळीत अमेरिकेहून आला तेव्हा त्याने त्याचा जुना व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर बांधायचा तो डबा, आत आभासी जग दिसतं) मला देऊन टाकला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फराळबिराळ आटोपला आणि मी रोलर कोस्टरचा एक फुकट डेमो लावला. पहिल्या उतारावर ओरडलो, पोरं हसली, एकूण धमाल. तिसऱ्या वळणावर जांभई आली. वाटलं, झोप कमी झालीय. मग आणखी एक जांभई, आणि तोंडाला पाणी सुटायला लागलं. चिंच बघून सुटतं तसं नव्हे, उलटीच्या आधी जिभेखाली जमतं तसं. तळहात गार पडले. हेडसेट काढला तर आकाशकंदील जागच्या जागी आणि भिंत मात्र सरकतेय. रात्री दहापर्यंत सोफ्यावर आडवा होतो. चकलीचा वाससुद्धा नको झाला.

मी मुळातच एसटी लागणारा मुलगा. आम्ही कराडचे, आजोळ चिपळूणला, मधे कुंभार्ली घाट. आई हेळवाक यायच्या आधीच हातात लिंबू द्यायची, तोंडात आवळासुपारी आणि बुडाखाली वर्तमानपत्र. तरी पोफळीपर्यंत एकदा खिडकीबाहेर डोकं काढावं लागायचंच. पण इथे मी घरात, दोन्ही पाय फरशीवर. न हलता लागणारी गाडी पहिल्यांदाच पाहिली.

जिद्दीने पुढचे पाच दिवस रोज अर्धा तास तोच डेमो खेळलो. परिणाम उलटा झाला. आता हेडसेटचा तो कपाळाला टेकणारा स्पंज नाकाजवळ आला की, अजून स्क्रीन चालूही नसते, तरी पोटात ढवळतं.

प्रश्न दोन. हे जातं का? आणि जात नसेल तर असला वापरलेला हेडसेट कोणी घेतं का?

वांगीभात

आलेपाक. एसटी स्टँडवर मिळतो तोच, शहरातला चकचकीत नको.

(पेपरावर बसून खेळून पाहिलंत का? गंभीरपणे विचारतोय.)

पाचवा गिअर

सोसा हो. मलाही पहिला आठवडा हेच झालं. दात-ओठ खाऊन खेळत राहिलो, आता सलग तीन तास विमानं उडवतो. पोहायला शिकताना नाकात पाणी जातंच, म्हणून कोणी विहीर विकत नाही.

खिडकीवाली

निशाचर, पाचवा गिअर यांचं ऐकू नका. पाच दिवस तेच केलंत आणि स्पंजच्या वासावर आलात.

आधी एक सांगा, नक्की काय होतं? डोळे दुखणं, कपाळ ठणकणं, अक्षरं दोन-दोन दिसणं हा एक प्रकार. मळमळ, जांभया, गार घाम हा दुसरा. पहिला बऱ्याचदा भिंगांच्या अंतरामुळे होतो. आपल्या दोन बाहुल्यांमध्ये मोठ्या माणसात सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं, पण माझं ५७ आहे. हेडसेट माझ्या नवऱ्याच्या मापावर लावलेला असायचा आणि दहा मिनिटांत माझं डोकं फुटायचं. मला वाटायचं, मलाच हे झेपत नाही. चष्म्याच्या दुकानातून मिळालेल्या कागदावर ‘पीडी’ असा आकडा होता, तेवढं माप हेडसेटवर लावलं आणि डोकेदुखी त्या दिवशी संपली. काही हेडसेटला त्यासाठी खाली चाक असतं, काहींत भिंगंच हाताने सरकवून ठरलेल्या दोन-तीन मापांपैकी एकावर बसवायची असतात. मावसभावाचं डोकं आणि तुमचं डोकं एकच नाही. ते माप बदललंत का?

निशाचर

नाही बदललं. त्याला चाक आहे हेच मला माहीत नव्हतं. आत्ता पाहिलं, ७० वर होतं. माझ्या चष्म्याच्या कागदावर ६२ आहे. पण माझा त्रास मुख्यतः दुसरा आहे, मळमळीचा.

कर्णपिशाच्च

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. खेळत नाही, पण चक्कर येणारे लोक रोज बघतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

आपल्या प्रत्येक कानाच्या आत, ऐकण्याच्या शंखाला लागूनच, तोल सांभाळणारं एक यंत्र आहे. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, आत द्रव. डोकं वळलं की नळी वळते, द्रव क्षणभर मागे राहतो, त्यावरून मेंदूला कळतं की आपण फिरलो. शिवाय दोन छोट्या पिशव्या. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे कण एका चिकट थरावर बसलेले असतात. हो, खडू ज्याचा असतो तेच. पुढे-मागे, वर-खाली झटका बसला की ते कण घसरतात. हे सगळं यंत्र वेग मोजत नाही, वेगातला बदल मोजतं. रेल्वे एका गतीने धावत असते तेव्हा डोळे मिटले तर आपण थांबलोय की चाललोय हे कानाला कळत नाही, ते त्यामुळेच.

घाटात पुस्तक वाचताना डोळा म्हणतो ‘पान स्थिर आहे’, कान म्हणतो ‘वळतोय, वळतोय’. हेडसेटमध्ये बरोबर उलट. डोळा म्हणतो ‘कोसळलो’, कान म्हणतो ‘खुर्चीत आहेस’. भांडण तेच, बाजू बदललेल्या. फलाटावर शेजारची गाडी सुटली की आपलीच सुटली असं वाटून आपण दचकतो ना, निव्वळ डोळ्यांनी केलेली ती फसवणूक. हेडसेटमध्ये ती दृष्टीच्या जवळजवळ सगळ्या टप्प्यात पसरलेली असते आणि खिडकीची चौकट मधे नसते.

याला संवेदनांच्या विसंगतीचा सिद्धांत म्हणतात. रीझन आणि ब्रँड या दोघांनी १९७५ साली तो नीट मांडला. पण विसंगती झाली तर उलटीच का व्हावी, घाबरणं का नाही, ताप का नाही? ट्रीझमन यांनी १९७७ मध्ये एक तर्क मांडला. डोळा आणि कान यांचा ताळमेळ बिघडला की मेंदूला वाटतं, पोटात विष गेलंय, बाहेर काढा. तर्क गमतीदार आहे, सिद्ध झालेला नाही. स्टॉफ्रेगन वगैरे मंडळी तर म्हणतात की विसंगती हा मुद्दाच नाही, उभं राहताना शरीराचा डोलारा सांभाळता न येणं हे मूळ.

कान यात असायलाच हवा याचा पुरावा मात्र जबरदस्त आहे. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत अंतराळ प्रवासाच्या तयारीत गॅलॉडेट कॉलेजमधल्या ११ कर्णबधिर पुरुषांवर प्रयोग झाले. त्यातल्या बहुतेकांचा आतला कान लहानपणीच्या मेंदूज्वराने निकामी झाला होता. नोव्हा स्कॉशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीतून नेलं. ते निवांत पत्ते खेळत बसले. प्रयोग करणारे शास्त्रज्ञच इतके आडवे झाले की प्रयोग गुंडाळावा लागला.

अवांतर: इंग्रजीत मळमळीला ‘नॉशिया’ हा जो शब्द आहे तो ग्रीक ‘नाउस’, म्हणजे नाव, होडी यावरून आलाय. म्हणजे ग्रीकांनाही आपल्यासारखी बोटच लागायची.

अर्धविराम

वा, काय प्रतिसाद आहे. आमच्या घरात अजून ‘बोट लागली’ म्हणतात. आजी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने रत्नागिरीला जायची. बोटी बंद झाल्या, शब्द राहिला. मला टॅक्सीत मळमळलं तरी आजी म्हणायची, “बोट लागली का गं बाय?”

पाचवा गिअर

डॉक्टर, सगळं मान्य. पण सवय होते हे तर खरं ना? खलाशांना होते. वैमानिकांना होते. मग सोसण्यात चूक काय?

कर्णपिशाच्च

सवय होते. पण त्रासाच्या उंबरठ्याच्या अलीकडे राहून होते, पलीकडे जाऊन नाही. तुम्हाला जमलं त्यात तुमचा कान मुळात दणकट असण्याचा भाग मोठा असावा. निशाचर यांना जे झालंय ते आम्ही नेहमी बघतो. कधी एखाद्या लग्नात श्रीखंड खाल्लं, त्याच रात्री कसल्याशा संसर्गाने उलट्या झाल्या, आणि पुढे दहा वर्षं श्रीखंड बघवत नाही. श्रीखंडाचा दोष नसतो. मेंदूने गाठ मारलेली असते. तशी त्यांच्या मेंदूने स्पंजाच्या वासाची आणि उलटीची गाठ मारलीय, आणि रोज अर्धा तास ती घट्ट करत होते.

जांभई आली की थांबायचं. जांभई ही सूचना आहे, झोप नाही. गार घाम येईपर्यंत खेळत राहिलात तर तासभर गेला.

आणि वैमानिकांचंच म्हणाल तर तिथे उलटी गंमत आहे. सिम्युलेटरमुळे, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या नकली विमानामुळे, होणाऱ्या त्रासाची पहिली नोंद १९५७ ची, अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरची. त्या काळात असं दिसलं की शिकाऊ मुलांपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांना जास्त त्रास होतो. खरं हेलिकॉप्टर कसं हलतं हे त्यांच्या शरीराला पाठ होतं. पडद्यावर ते हललं आणि खुर्चीत जाणवलं नाही, की झालं. नवख्याची अपेक्षाच नव्हती, तर भंग कसला होणार?

बे एरियातला बंडू

उशिरा येतोय. मी व्हीआर खेळ बनवण्याचं काम करतो, त्यामुळे लोकांना उलटी होऊ नये यावर माझं पोट चालतं. (विनोद मुद्दाम नव्हता, पण राहू द्या.)

या त्रासाचे दोन बाप आहेत. एक यंत्र, दुसरा खेळ.

यंत्राचा बराचसा सुटलाय. २०१३ मध्ये ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटचा पहिला डेव्हलपर किट (खेळ बनवणाऱ्यांसाठीचा संच) आला तेव्हा स्क्रीन ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारी होती आणि डोकं वळवलेलं त्याला कळायचं, पण पुढे झुकलेलं कळायचं नाही. तुम्ही वाकून टेबलाखाली बघायला जावं आणि टेबलच तुमच्याबरोबर खाली यावं, असा प्रकार. २०१४ च्या दुसऱ्या किटमध्ये ७५ हर्ट्झ आणि झुकणं कळायला कॅमेरा आला, २०१६ मध्ये रिफ्ट आणि व्हाइव्ह हे हेडसेट बाजारात आले ते ९० वर. डोकं हलल्यापासून चित्र बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांच्या आत काम झालं पाहिजे, हा आमचा धंद्यातला ठोकताळा. आजचे हेडसेट ते पाळतात. मोबाइल घालायचे पुठ्ठ्याचे डबे मात्र अजून झुकणं ओळखत नाहीत. कोणी त्यात घाबरून ‘मला व्हीआर झेपत नाही’ ठरवलं असेल तर तो निकाल रद्द समजा.

उरला खेळ. निशाचर, तुम्ही सुरुवातच सर्वात वाईट गोष्टीने केलीत. रोलर कोस्टर म्हणजे वेगातला बदल चहूबाजूंनी, शिवाय सुकाणू दुसऱ्याच्या हाती. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही आणि मागच्या सीटवाल्याला लागते, तेच. पण असले डेमो फुकट असतात आणि पाहुण्यांना दाखवायला बरे, म्हणून सगळे त्यानेच सुरुवात करतात आणि निम्मे हेडसेट कपाटात जातात.

सर्वात जास्त कशाने लागतं सांगू? हातातल्या कंट्रोलरवरची छोटी काठी अंगठ्याने ढकलून गर्रकन वळण्याने. सरळ चालणं त्यामानाने सौम्य, कारण सरळ एका वेगाने चालताना कानाला तक्रार करायला फार काही नसतं. वळताना मात्र अख्खं जग डोळ्यांसमोरून वाहतं. म्हणून सेटिंगमध्ये ‘स्नॅप टर्न’ लावा. मग जग सरकत नाही, एकदम ३० किंवा ४५ अंशांनी बदलतं. दिसायला ओबडधोबड, पोटाला सुखाचं. त्याहून बरं म्हणजे स्वतः जागेवर वळा. पाय आहेत ना!

दुसरं, चालण्याऐवजी उडी मारून पोहोचणं, म्हणजे टेलिपोर्ट. हाफ-लाइफ: ॲलिक्स (२०२०) या खेळात चालण्याच्या चार पद्धती दिल्यात आणि त्यातल्या दोन उडीच्या आहेत. कंपनीने एवढी मेहनत उगाच घेतलेली नाही.

तिसरं, चालताना कडेने काळोख येतो ती सोय. खेळाडूंना ती आवडत नाही, ‘घोड्याला ढापणं लावल्यासारखं वाटतं’ म्हणतात. बरोबर आहे, ढापणंच आहेत. आपल्याला हलल्यासारखं वाटतं ते मुख्यतः डोळ्याच्या कडांना. २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या फर्नांडिस आणि फायनर यांनी हा काळोख हळूहळू, गरजेपुरता आणून पाहिला. लोकांना त्रास कमी झाला आणि अनेकांना काळोख आलेला कळलाही नाही. आमच्याकडे आता आम्ही तसंच करतो.

पर्ड्यू विद्यापीठात २०१५ मध्ये तर पडद्यावर खोटं नाक काढून पाहिलं होतं. आपल्याला आपलं नाक सतत दिसत असतं, मेंदू ते गाळतो. तेवढा एक न हलणारा ठिपका मिळाला तरी लोक जास्त वेळ टिकले. आणि खेळणाऱ्यांना नाक आहे हे लक्षातच आलं नव्हतं!

पणजीकर

आमची पद्धत अगदी गावठी. समोर टेबल फॅन, मध्यम गतीवर. एक म्हणजे गार वाटतं, दुसरं म्हणजे वारा कुठून येतो यावरून खोलीत आपलं तोंड कुठे आहे ते कळत राहतं. पायाखाली जुनी गोधडी चौघडी करून. तळव्याला कड लागली की समजायचं, आपण सरकलो.

छताचा पंखा बंद करा. मी केला नव्हता. हाताला तीन टाके. त्या क्षणी मळमळ मात्र पूर्ण गेली.

खिडकीवाली

😂 पणजीकर, हा उपाय डॉक्टरांनी नोंदवून घ्यावा.

वांगीभात

प्रवासाच्या आधी घेतात ती गोळी अर्धी घेऊन खेळलं तर?

कर्णपिशाच्च

नको. त्यात बहुधा प्रोमेथाझिन असतं, झोप आणतं. घाटातून सहा तास जायचंय म्हणून घेणं वेगळं, आणि चेंडू मारायला घेणं वेगळं. आल्याने काहींना बरं वाटतं, तोटा नाही, चघळा. पण खेळून झाल्यावर अर्धा तास तरी स्कूटर काढू नका. काही लष्करी तळांवर सिम्युलेटरनंतर काही तास वैमानिकाला खऱ्या विमानात बसू देत नाहीत, ते तोल पूर्ण जागेवर यायला वेळ लागतो म्हणूनच.

अर्धविराम

माझी मुलगी ९ वर्षांची आहे, मामाकडे असला हेडसेट आहे. तिला गाडी फार लागते. द्यावा का?

कर्णपिशाच्च

दोन वर्षांखालच्या बाळांना गाडी जवळजवळ लागत नाही, आणि सर्वात जास्त लागते ती साधारण याच वयात, नऊ-दहाच्या आसपास. घरात कोणाला अर्धशिशी असेल तर आणखी. कंपन्याही वयाची अट घालतात, कुठे १०, कुठे १३. थोडं थांबा. शिवाय तिच्या बाहुल्यांमधलं अंतर त्या चाकाच्या टप्प्यात बसेलच असं नाही.

निशाचर

मंडळी, चार आठवड्यांनी येतोय. हेडसेट विकला नाही.

पहिला आठवडा हात लावला नाही. मग तो स्पंज काढून फेकला आणि सिलिकॉनचं कव्हर घातलं, पुसता येतं आणि वास नाही. हे कोणी सुचवलं नव्हतं, पण सर्वात जास्त फरक यानेच पडला. पहिल्यांदा नाकाजवळ आणला तेव्हा पोट गप्प होतं.

चाक ६२ वर. फॅन समोर. रोलर कोस्टर काढून टाकला. आधी बीट सेबर घेतला. त्यात ठोकळे अंगावर येतात पण पायाखालची जमीन हलत नाही. पहिल्या दिवशी मोबाइलवर चार मिनिटांचा गजर लावून खेळलो आणि चांगलं चाललेलं असताना काढून ठेवला. हे फार जड जातं, सांगतो. ऐन रंगात आल्यावर ताटावरून उठल्यासारखं. मग सहा मिनिटं, दहा. दुसऱ्या आठवड्यात मिनी गोल्फ, उड्या मारत. बॉलजवळ उभं राहून खाली वाकून रेघ बघायची, बायको म्हणते, हॉलमध्ये काहीतरी हरवलंय असं वाटतं.

परवापासून काठीने चालणं सुरू केलंय, ढापणं पूर्ण आवळून. बारा मिनिटं झाली. तेराव्या मिनिटाला जांभई. काढला. पूर्वी याच जांभईनंतर मी अर्धा तास खेळायचो.

वळणं अजून स्नॅपवरच आहेत. ते गुळगुळीत वळण एकदा लावून पाहिलं, तीन सेकंदांत पोफळी आली.

पाचवा गिअर, तुमच्या विमानाच्या खेळाचं नाव द्या, पण मी तो पुढच्या दिवाळीत लावीन.

पाचवा गिअर

देतो. कॉकपिटचा आहे, चारी बाजूंनी न हलणारी चौकट, त्यामुळे कदाचित तुम्हाला चालेलही. बंडू म्हणाले ते वाचल्यावर वाटतंय, मी सोसलं वगैरे काही नाही, मला चौकट मिळाली होती.

निशाचर

एक राहिलं. आई गेल्या आठवड्यात आली होती. मी हेडसेट घालून खुर्चीत बसायला गेलो तर खाली काहीतरी चुरचुरलं. तिने गुपचूप पेपर अंथरला होता. त्या दिवशी पंधरा मिनिटं टिकलो. डॉक्टर, यावर काय म्हणणं?

कर्णपिशाच्च

वैद्यकीय आधार शून्य. ताम्हिणीत मी स्वतः बसतो.

वांगीभात

पहिल्याच दिवशी विचारलं होतं मी. आता एवढंच सांगा, मुख्य अंक लागतो की पुरवणीवर भागतं?